भांड्याच्या तळाशी नाव

थॅक्सटन, जॉर्जिया
४ जानेवारी १९९६

श्रीमती लिडिया हॉल्ट यांस,

भाड्याचा चेक सोबत आहे. बाजूच्या छपराचं पन्हाळं पुन्हा सुटलं. मी ते तारेनं बांधलं आहे, पण तार रस्त्यावरून दिसते, आणि हे घर बांधलं तेव्हा तसली तार मिळत नव्हती, असा वारसा समितीच्या ऑलिव्ह रगल्स बाईंचा आक्षेप आहे. मी म्हटलं, तेव्हा मीही मिळत नव्हतो, तरी राहतोच आहे. त्या हसल्या नाहीत. समितीची परवानगी येईपर्यंत पन्हाळं लोंबकळत ठेवायचं की बांधलेलं ठेवायचं, ते कळवावं.

तुमची आई कशी आहे, असं तुम्ही विचारलं आहे. हा प्रश्न भाडेकरारात बसत नाही. मी वरच्या मजल्याचा भाडेकरू आहे आणि तुमची आई, गावाच्या तोंडी मिस कोरिन, खाली राहतात. मधल्या जिन्याचं दार माझ्या बाजूनं लावलेलं असतं, त्यांच्या बाजूनं कधीच नसतं. पण घर तुमच्या नावावर आहे, आणि तुम्ही फोन केलात की त्या आवाज ओळखून तो ठेवून देतात, हे मला वर ऐकू येतं. म्हणून उत्तर देतो.

निवृत्त होईपर्यंत मी मेकनच्या कोर्टात लघुलेखक होतो. समोरचा बोलेल ते जसंच्या तसं उतरवायचं आणि स्वतःचं मत घरी ठेवायचं, ही सवय आता जायची नाही. तेव्हा मी दिसेल ते लिहीन, अर्थ तुम्ही लावा. दिसतं ते असं: मिस कोरिन दोन वेळा नीट जेवतात. दिवसातून एकदा माझ्यावर चिडतात. रविवारी टोपी घालून, हातमोजे चढवून तयार होतात आणि पडवीतल्या झुलत्या खुर्चीत बसून राहतात, चर्चला जात नाहीत. विचारलं तर म्हणतात, नवा पाद्री गिटार वाजवतो. गेल्या वर्षीही तो गिटारच वाजवत होता आणि त्या जात होत्या.

बाकी गावात मी अजूनही ‘पेटिट घरातला वरचा माणूस’ आहे. तुमचं कुटुंब इथे तीन पिढ्या राहिलं तरी घर पेटिट डॉक्टरांचंच, तेव्हा माझी तक्रार नाही. दाराजवळच्या पितळी पाटीवर हे घर डॉक्टरांनी बांधलं असं लिहिलं आहे. डॉक्टरांनी जन्मात वीट उचलली नव्हती. त्यांच्या गुलामांपैकी कुणी उचलल्या ते गावात सगळ्यांना ठाऊक आहे, पण पाटी लहान आहे. पाटीला हात लावायलाही समितीची परवानगी लागते.

आपला,
हर्शल टूली


थॅक्सटन
१२ फेब्रुवारी

श्रीमती हॉल्ट यांस,

चेक सोबत आहे. पन्हाळ्याला परवानगी मिळाली, तारेला नाही.

अलीकडे सकाळी मी मिस कोरिनना वर्तमानपत्र वाचून दाखवतो. हे त्यांनी मागितलं नाही, मी सुचवलं नाही. एके दिवशी त्या पेपर हातात घेऊन बसल्या होत्या आणि पेपर उलटा होता. मी खाली बसलो, त्यांच्या हातातून तो घेतला आणि निधनवार्तांपासून सुरुवात केली, कारण गावातलं कुणीही तिथूनच सुरुवात करतं. आता मला उशीर झाला तर जिन्याखालून काठीनं ठोकतात.

एक गोष्ट तुम्हाला कळवायची नाही, असं त्यांनी मला बजावलं आहे, म्हणून कळवत नाही. एवढंच लिहितो की शेगडीच्या बटणांवर मी लाल रंगाचे ठळक ठिपके काढले आहेत. स्वयंपाकघर घराच्या आत येतं, म्हणून समितीला विचारलं नाही.

तुमच्या भांड्याबद्दल. निळ्या काठाचं, सासूबाईंचं, तुमच्या वडिलांच्या मयताच्या वेळी इथे राहिलेलं, आणि ते मी पोस्टानं पाठवावं, असं तुम्ही लिहिलंत. मी मिस कोरिनना विचारलं. त्या म्हणाल्या, कुठलं भांडं. मी म्हटलं, वरच्या फळीवर एकटंच ठेवलं आहे ते. मग त्यांनी मला बसायला सांगितलं आणि जे सांगितलं ते मी खाली उतरवतो. तुम्हाला यातलं नवं काही नसेल, पण त्यांच्या बाजूनं तुम्ही ते कधी ऐकलं नसावं.

तुम्ही इथेच वाढलात, तेव्हा रीत तुम्हाला पाठ असेल. कुणाकडे गमी झाली की भांडं भरून न्यायचं. तळाशी चिकटपट्टीवर आपलं नाव लिहायचं, म्हणजे दुःखाच्या घरात त्या लोकांना कुणाचं कुठलं हे शोधत बसायला नको. पुढे ते घर भांडं परत करतं, तेही रिकामं नाही. मिस कोरिनच्या स्वयंपाकघरात एकही भांडं असं नाही ज्याच्या तळाशी ‘सी. बॅस्कम’ लिहिलेलं नाही, आणि गावात एकही घर असं नाही जिथे त्यातलं एखादं जाऊन आलेलं नाही.

त्यांचं म्हणणं असं: “ओटा भांड्यांनी भरला होता. माणूस गेला की मी तेवढंच करते, एकेक भांडं उलटं करून नाव बघते, मनाला काम मिळतं. शेवटचं एक उलटं केलं तर खाली ‘लिडिया हॉल्ट, ओरेगॉन’. बापाच्या मयताला आलेली पोटची मुलगी, आईच्या ओट्यावर भांडं ठेवते, आणि खाली नाव-गाव लिहून. जसं काही मी ते ढापणारच होते.”

तुम्ही त्यावर म्हणालात की मी फक्त रीत पाळली. त्या म्हणाल्या की रीत शेजाऱ्यांसाठी असते. त्यानंतर तुम्ही रात्री हायवेवरच्या मोटेलमध्ये झोपलात आणि सकाळी निघून गेलात. याला सात वर्षं झाली. एवढ्याशा पट्टीवरून सात वर्षं, असं कुणी बाहेरचा म्हणेल. मी शेजारच्याच तालुक्यातला आहे, मी म्हणणार नाही.

मग पाठवू का, असं मी विचारलं. त्या म्हणाल्या, “परत करायची ती बाहेरच्यांची भांडी.” याचा अर्थ होकार की नकार, ते मला कळलं नाही. भांडं फळीवरच आहे. त्यात काही शिजत नाही. मी गुपचूप उतरवून पाठवू शकलो असतो, पण तेही करारात बसत नाही.

आपला,
हर्शल टूली


थॅक्सटन
१५ मार्च

श्रीमती हॉल्ट यांस,

तुमचं पत्र मिळालं. घर विकायला काढलं आहे, घेणाऱ्यांना इथे पाहुण्यांसाठी न्याहारीसह खोल्या काढायच्या आहेत, मिस कोरिन यांना तुम्ही ओरेगॉनला तुमच्या जवळच्या वृद्धाश्रमात नेणार आहात, आणि माझा करार ऑगस्टमध्ये संपेल. सगळं समजलं.

मला इथून जावं लागेल याचं मला वाईट वाटतं. हे सुरुवातीलाच लिहितो, म्हणजे पुढचं वाचताना तुम्ही तेवढं वजा करू शकाल.

आता तुम्ही निर्णय घेत आहात, तर अर्धवट माहितीवर घेऊ नये. मिस कोरिन यांना जवळजवळ दिसत नाही. उजेड कळतो, माणूस उभा आहे हे कळतं, कोण ते आवाजावरून. जानेवारीत त्यांचा मनगटाजवळ हात भाजला. मी डॉक्टरांकडे नेलं, तर गाडीत मला म्हणाल्या, लिडियाला लिहिलंस तर तुझ्या चहात मीठ घालीन. मीठ त्यांनी आधीच दोनदा घातलं होतं, चुकून. तुम्ही म्हणाल की मग तर त्यांना हलवलंच पाहिजे. तसंही असेल. मी मत देत नाही.

काल एजंटानं अंगणात पाटी रोवली. पाठोपाठ ऑलिव्ह बाई आल्या आणि पाटीचा लाल रंग जुन्या वस्तीत चालत नाही म्हणून सांगून गेल्या. घर विकण्यावर समितीचा आक्षेप नाही, रंगावर आहे. त्या गेल्यावर मिस कोरिननी मला पाटी वाचून दाखवायला सांगितलं. मी वाचली.

“माझं नाव आहे का कुठे तिच्यावर?”

मी म्हटलं, नाही.

“मग बरोबर आहे. मला कुणी विचारलं नाही ते.”

बराच वेळ त्या खुर्चीत झुलत राहिल्या. आत जाऊन झोपल्या असतील असं वाटलं, तेवढ्यात काठीचा आवाज आला. माळ्यावर टोप्यांच्या खोक्यांमागे एक पुष्पचक्र आहे, ते खाली आण, म्हणाल्या. ते मिळालं. तुमचे वडील वारले तेव्हा अंत्यविधीवाल्यांनी दाराला लावलं होतं तेच, मेणकापडाची पानं आणि पांढरी रिबीन. ते लोक न्यायला विसरले असावेत, किंवा मिस कोरिननी नेऊ दिलं नसेल. माझ्याकडून त्यांनी ते ओल्या फडक्यानं पुसून घेतलं आणि रिबिनीला इस्त्री करवून घेतली. कशासाठी ते सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही.

चेक सोबत आहे.

हर्शल टूली


थॅक्सटन
२२ मार्च

श्रीमती हॉल्ट यांस,

हे पत्र भाड्याचं नाही. गावातून कुणी ना कुणी तुम्हाला कळवीलच, आणि ते माझ्यापेक्षा रंगवून कळवतील, म्हणून आधी लिहितो. तुमची आई जिवंत आहे. हे वाक्य पहिलंच लिहायला हवं होतं.

सोमवारी सकाळी त्यांनी मला पुष्पचक्र दाराला लावायला सांगितलं. मी म्हटलं, मिस कोरिन, गमी झाल्याशिवाय हे कुणी लावत नाही. त्या म्हणाल्या, घर माझं नाही, दार माझं नाही, मग मी काही लावलं तर दाराला काय फरक पडतो. मी खिळा ठोकला. समितीची परवानगी घेतली नाही, हे खरं आहे.

मी नको म्हणायला हवं होतं, असं तुम्हाला वाटेल. मला त्यांचा हेतू कळला होता असंही नाही. मला वाटलं, घरासाठी लावतायत, त्यांच्या दृष्टीनं घरच गेलं. एवढ्यानं मन हलकं होत असेल तर होऊ दे.

दुपारपर्यंत सगळं गाव पडवीत होतं. दाराला चक्र दिसलं की या गावात कोण गेलं हे विचारत नाहीत, आधी भट्टी पेटवतात. पहिला आला तो कोपऱ्यावरचा हार्डवेअरवाला डेसी कोलियर, मक्याची भाकरी घेऊन. दार मी उघडलं. तो म्हणाला, “अच्छा, म्हणजे तू नाहीस.” जरासा हिरमुसला असं मला वाटलं. नंतर मॅकरोनी-चीज आलं, भरलेली अंडी आली, जेलीचं ते हिरवं सॅलड आलं जे कुणीच खात नाही आणि प्रत्येक मयताला येतंच. पाद्री आला, गिटार गाडीत ठेवून.

ऑलिव्ह रगल्स हॅम घेऊन आल्या. पडवीच्या पायऱ्या चढताना त्यांचे डोळे लाल होते. वर येऊन बघतात तर मिस कोरिन झुलत्या खुर्चीत, रविवारची टोपी घालून, हातमोजे घालून. ऑलिव्ह बाईंच्या हातातला हॅम मी धरला, नाहीतर पडला असता.

“कोरिन, हे काय आहे? कोण गेलंय?”

“अजून कुणी नाही,” मिस कोरिन म्हणाल्या. “पण मला ओरेगॉनला नेतायत. तिथे मी मेले तर तू हॅम घेऊन येणार आहेस का, ऑलिव्ह? विमानात? म्हटलं, तुम्हाला यायचं तर आत्ताच येऊन जा. मी आहे तोवर.”

मी कोर्टात अनेक शांतता ऐकल्या आहेत, त्यांची नोंद करता येत नाही. मग ऑलिव्ह बाई म्हणाल्या, “असली थट्टा पाप आहे.” मिस कोरिन म्हणाल्या, “मग हॅम परत ने.”

ते मात्र करता येत नाही. गमीच्या घरी आणलेलं अन्न परत नेलं असं या गावात कधी घडलेलं नाही, आणि गमी झालेली नसेल तर काय करायचं, हे कुणाच्या आईनं शिकवलेलं नव्हतं. ऑलिव्ह बाईंनी खुर्ची ओढली आणि त्या बसल्या. मग बाकीचे बसले. मी आतून ताटल्या आणल्या, गोड चहाची घागर आणली. सुरुवातीला सगळे मयताला बोलतात तसे खालच्या आवाजात बोलत होते. पण मेलेलं माणूस मधे बसून “डेसी, तुझ्या भाकरीत साखर जास्त झाली” म्हणत असेल तर तो आवाज फार वेळ टिकत नाही. त्यांच्याबद्दल जे मेल्यावर सांगतात ते लोक त्यांच्या तोंडावर सांगू लागले. त्यांनी पूर आला तेव्हा कुणाकुणाला घरात ठेवून घेतलं होतं, त्यांनी मेयरच्या बायकोला भर बाजारात काय सुनावलं होतं. काही गोष्टी त्यांनी दुरुस्त करून घेतल्या.

सगळ्यांना तेव्हाच कळलं की त्यांना दिसत नाही. चर्च का सुटलं तेही कळलं. गिटारनं नाही, पायऱ्यांनी. पायऱ्या मोजता येईनात आणि कुणाचा हात धरायची लाज वाटत होती.

मला हे लिहायला हवं की त्यांना मरणाची भीती वाटत नाही. जिथे आपल्या दाराला चक्र लागलं तरी कुणी भट्टी पेटवणार नाही अशा ठिकाणी मरायची भीती वाटते. हे त्या म्हणाल्या नाहीत. हे मत आहे, आणि माझं आहे.

हर्शल टूली


थॅक्सटन
७ एप्रिल

लिडियाबाई,

गेले काही दिवस मी मिस कोरिनना गाडीत घालून घरोघर फिरवतो आहे. भांडी परत करायची आहेत. रिकामी द्यायची नाहीत म्हणून त्यांनी परसातल्या पिकनच्या झाडाच्या, अक्रोडासारख्या बारक्या पण गोड दाण्यांचा सगळा साठा काढला आणि मागच्या उन्हाळ्यातला अंजिरांचा मुरांबा. मला वाटलं मी भांडी पोचवीन, त्या गाडीत बसतील. तसं झालं नाही. प्रत्येक घरात त्यांना आत बोलावलं, प्रत्येक घरात त्या बसल्या. ऑलिव्ह बाईंनी त्यांना पायरी सांगितली, “आता एक, आता अजून एक,” आणि मिस कोरिननी त्यांचा हात धरला. दोघी त्याबद्दल काही बोलल्या नाहीत. समितीच्या नियमांबद्दल मात्र तासभर भांडल्या.

काल शेवटचं भांडं परत करून आलो. ओटा मोकळा झाला. मिस कोरिननी वरच्या फळीवरचं तुमचं भांडं खाली काढायला सांगितलं, मांडीवर घेतलं आणि म्हणाल्या, तुझं ते कोर्टातलं यंत्र आहे का अजून. आहे. ते लघुलेखनाचं यंत्र मी वरून आणलं. त्या बोलल्या ते असं.

“लिही. लिडिया, तुझं भांडं माझ्याकडे आहे. फुटलेलं नाही, टवका गेलेला नाही. तुझ्या सासूचं आहे हे मला हर्शलकडून कळलं. तू तेव्हा सांगितलं नाहीस, मी तेव्हा विचारलं नाही. सांगितलं असतंस तरी मी चिडलेच असते, तुझा बाप बैठकीच्या खोलीत शवपेटीत होता आणि मला कुणावर तरी चिडायचं होतं. भांडं मी पाठवणार नाही. भांडं परत केलं की देणं-घेणं मिटलं, मग कुणी कुणाकडे कशाला यायचं? सात वर्षं ते मी त्यासाठी ठेवलं. मला वाटायचं, दुसऱ्या कशासाठी नाही तर भांडं मागायला येईल. तू मागितलंस. पण पत्रानं, आणि तेही भाडेकरूकडे.”

इथे त्या थांबल्या. मग म्हणाल्या, “आता पुढचं लिहू नकोस.” माझे हात यंत्रावर होते.

“तिचा चेहरा मी शेवटचा बघितला तो या ओट्यापाशी. रागावलेला. त्यानंतर माझे डोळे गेले. आता डोळ्यांसमोर आणायचा म्हटलं तरी तोच येतो, दुसरा येत नाही. तिला ओरेगॉनला माझा हात धरायचा तर धरू दे. पण मला तो हात त्या रागावलेल्या बाईचाच वाटत राहील, हर्शल. मला ते नको.”

कोर्टात न्यायाधीश म्हणाले की हे नोंदीतून काढा, तर मी काढत असे. एकदाही चुकलो नाही. मिस कोरिन न्यायाधीश नाहीत. मी ते ठेवलं आहे.

एजंटाकडून कळलं की गिऱ्हाईक महिनाअखेर सही करायला येणार आहे. घर तुमचं आहे. पुष्पचक्र मी काढून माळ्यावर ठेवलं आहे. खिळा दारात तसाच आहे.

हर्शल


थॅक्सटन
३० मे

लिडियाबाई,

तुमचं पत्र मिळालं. ओरेगॉनहून तुमचं सामान कधी निघेल आणि तुम्ही इथे कायमच्या राहायला कधी पोचाल ते मिस कोरिनना वाचून दाखवलं. दोनदा वाचायला लावलं. मी आता जिना उतरून जात नाही, चौक ओलांडून जातो, पण पेपर वाचायची वेळ तीच आहे.

एप्रिलमध्ये तुम्ही इथे होतात तेव्हा मी बहुतेक वेळ वरच होतो, आणि जे कानावर आलं ते मी कुठेही उतरवून ठेवलेलं नाही. एकच गोष्ट बघितली, कारण मी तेव्हा चहा घ्यायला खाली आलो होतो. तुम्ही ओट्यापाशी उभ्या राहून भांड्याच्या तळाची चिकटपट्टी नखानं खरवडत होतात आणि मिस कोरिन म्हणत होत्या, “गरम पाण्यात ठेव ग, नखं कशाला मोडतेस.” तुम्ही रडत होतात. त्यांना ते दिसत नव्हतं. मग त्यांनी चाचपडत तुमच्या तोंडावरून हात फिरवला आणि बराच वेळ फिरवत राहिल्या, आणि मी चहा न घेता वर गेलो. दुसऱ्या दिवशी अंगणातली लाल पाटी निघाली. ऑलिव्ह बाईंना वाटतं ती त्यांच्यामुळे निघाली. वाटू द्या.

तुम्ही दोघींनीही मला राहा म्हटलंत. तुम्ही पत्रातही लिहिलं आहे की बैठकीच्या खोलीत पलंग टाकून मी सहज राहीन. तसं बरं दिसलं नसतं आणि चाललंही नसतं. माझी झोपायची खोली तुमची लहानपणची आहे. सज्जाकडे उघडणाऱ्या दाराच्या चौकटीवर, बाहेरच्या बाजूनं, तुमची उंची पेन्सिलनं लिहिलेली आहे, खालपासून वरपर्यंत, तुमच्या वडिलांच्या अक्षरात. मी इथे आलो तेव्हा ती पुसून चौकट रंगवायला निघालो होतो, समितीनं रंग नाकारला. कधीकधी समितीचं बरोबर असतं. त्या खोलीत तुम्हीच राहायला हवं. म्हणून मी कराराप्रमाणे नोटीस दिली. ऑगस्टची वाट बघण्यात अर्थ नव्हता.

डेसी कोलियरच्या दुकानावरची खोली घेतली आहे. खिडकीतून कोर्टाची इमारत दिसते, खालून खिळ्यांचा आणि खताचा वास येतो. वाईट नाही. मला वाईट वाटतं आहे ते वेगळ्या कारणानं. कोर्ट सुटल्यापासून ठोकून मला बोलावणाऱ्या मिस कोरिन एकट्याच होत्या. या खोलीत जिन्याखाली फक्त डेसी आहे.

परवा सामान हलवलं, तेव्हा मिस कोरिननी मला भांडं भरून मॅकरोनी-चीज दिलं. ठिपके बघून नाही, चाचपून स्वतः शेगडी पेटवली होती, मी शेजारी उभा होतो. नव्या जागेत पहिल्या दिवशी रांधायचं नसतं, म्हणाल्या. मी भांडं मांडीवर घेऊन गाडी चालवली. दोन दिवस तेच खाल्लं.

आज भांडं घासलं. परत द्यायचं तर रिकामं द्यायचं नाही, एवढं मलाही कळतं, म्हणून खाली जाऊन रस्त्यावरच्या गाडीवरून पीच आणले, हंगामातले पहिले. पुसताना सवयीनं भांडं उलटं केलं. तुम्हाला माहीत आहे की त्यांच्या घरात नाव नसलेलं भांडं नाही. तळाशी काही नव्हतं. पट्टी होती तेवढ्या जागी चिकट राहिलं होतं, ते बोटाला लागलं. गरम पाण्यात ठेवून काढलेली दिसते, आणि डोळ्यांनी दिसत नसल्यामुळे एका कोपऱ्यात ‘सी’ राहून गेला आहे, तोही अर्धा.

परत करायची ती बाहेरच्यांची भांडी, असं त्या म्हणाल्या होत्या. भांडं इथेच राहील. पीच मी खाल्ले.

हर्शल